डोणीपाशची ओल

वैशाख नुकताच लागला होता आणि सूर्य वर यायच्या आधीच जमीन तापली होती. रात्रीचा उकाडा अंगावरून उतरला नव्हता, तोच सातपुड्याच्या अंगानं कोरडा वारा सुटला आणि केळीची पानं जुन्या लुगड्यासारखी टराटरा फाटायला लागली. सुंदरबाईनं पदर कमरेला खोचला. गोठ्यातलं शेण दोन्ही हातांनी ओढून पाटीत भरलं, पाटी उकिरड्यावर उलटी केली, हात मातीनं चोळले आणि म्हशीचं दावं सोडलं.

"चाल माय चांदरे. पानी पी ले, मंग धार काढसू."

चांदरीला वाट दाखवावी लागत नसे. कपाळावर चांदी असलेली ही म्हैस सावद्याच्या बाजारातून आणली, त्याला बरेच उन्हाळे झाले. रोज दावं सुटलं की ती पोट हलवत डोणीकडे जायची. डोणी म्हणजे एकाच काळ्या दगडातून कोरून काढलेलं गुरांचं टाकं. सुंदरबाईच्या सासऱ्यानं ते डोंगराकडून बैलगाडीत घालून आणलं होतं. विहिरीवरच्या मोटारीची एक बारीक नळी त्यात सोडलेली. नळी वाहायची, डोणी भरून सांडायची, आणि चोपडा तालुक्यातला सगळा शिवार भाजून निघत असताना डोणीभोवतीची वावभर जागा तेवढी हिरवी, ओली, पायाला गार लागायची.

त्या सकाळी चांदरी डोणीपासून चार पावलांवर थांबली. मान लांब केली, नाकपुड्या फुलवल्या, एक पाय पुढं टाकला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. मग फुरफुरून तिनं तोंड फिरवलं.

"काय व्हयनं तुले?" सुंदरबाईनं ओढून पाहिलं, पुचकारलं, पाठीवर थापटलं. म्हैस पाय रोवून उभी. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं.

गाडीला बुजली असेल, असं तिला वाटलं. कडूनिंबाखाली पांढरीशुभ्र गाडी उभी होती. आवाज न करणारी. तिच्या तोंडातून काळी वायर निघून पंपाच्या खोलीत गेली होती.

गाडी जावयाची, स्वप्नीलची. तो धुळ्याचा, नरडाण्याच्या कारखान्यात साहेब. आणि त्याच्याबरोबर तीन वर्षांनी लेक पुनम आली होती आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला. तीन वर्षं निंबाच्या फांदीला झोका बांधला गेला नव्हता. गावातल्या लेकी माहेरी यायच्या, झोक्यावर बसून गाणी म्हणायच्या, आणि सुंदरबाई त्या दिवसांत गावात जायचंच टाळायची. त्याला कारण झालं होतं पंगतीतलं एक वाक्य. जेवताना सुंदरबाईच्या नवऱ्याच्या, अभिमनच्या, चुलतभावानं थट्टा केली, "पाव्हना धुयाना शे भो, मांडा खायले बी चमचा मांगस!" सगळे हसले. स्वप्नील हसला नाही. भरल्या ताटावरून उठला, हात धुतले, मांडीवरच्या लेकीला, रेवाला, उचललं आणि पुनमला घेऊन गेला. ना भांडण, ना आरडाओरडा. पण त्यानंतर आखाजीला दरवर्षी पुनमचा फोन यायचा, "माय, यंदा नही जमाव."

यंदा जमलं होतं. म्हणून सुंदरबाई घरात चालतानासुद्धा पाऊल जपून टाकत होती.

जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, ही तिच्या सासूपासूनची रीत. पदर पुढं ओढायचा आणि जे सांगायचं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. लेक जवळ असली तर लेकीला; नसली तर खांबाला, चुलीला, म्हशीला. "चांदरे, पाव्हनास्ले इचार, च्या आखो लेतस का?" असं ती गोठ्याकडे बघून म्हणायची आणि ओट्यावरून स्वप्नील म्हणायचा, "चांदरीला सांगा, अर्धा कप." रेवाला याचं एवढं हसू यायचं, की ती मुद्दाम आजीला प्रश्न विचारायला लावायची. स्वप्नीलही हसायचा. तसा माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या मनात कुठं काय खुपेल, याचा ठाव लागत नसे.

वायर जोडली होती आदल्या दिवशी. येताना हायवेवरचं चार्जिंगचं मशीन बंद निघालं, गाडी कशीबशी मळ्यापर्यंत आली. "चोपड्याला पेट्रोल पंपावर आहे म्हणे एक," स्वप्नील म्हणाला, "तिथं नेऊन लावतो तास-दोन तास."

अभिमन खाटेवरून उठूनच बसला. "पाव्हना, आमना दारशे उपाशी गाडी दुसराना दारशे न्यावानी? मन्हा बाप व्हता तवय पाव्हनास्ना बैल सोडा का पह्यले त्यास्ले चारा-पानी. मंग पाव्हनाले पानी. ते बैल काय हॉटेलमा चरायले जायेत का?"

"आबा, हा बैल लाईट खातो."

"मंग लाईट खावाडसूत!"

मळ्यातल्या घराला मीटर नव्हतं. रात्री सोलरचा एक दिवा. लाईट म्हणजे पंपाच्या खोलीत आलेल्या तीन तारा, त्याही आठवड्याच्या पाळीनं. या आठवड्यात दिवसाची पाळी होती. गावातला वायरमन झुलाल आला. सरकारी नव्हे, सगळ्या शिवाराच्या मोटारी सांभाळणारा. त्यानं तिन्ही तारा पाहिल्या आणि डोकं खाजवलं. स्वप्नीलनं डिकीतून केबल काढली. एका टोकाला गाडीच्या तोंडात बसणारी मूठ, दुसऱ्या टोकाला तीन पायांचा जाड प्लग, आणि मधे दिवे असलेली वीतभर पेटी.

"याले घरनी लाईट लागस," झुलाल म्हणाला. "एक जाती तार, एक येती तार. आठे येती तार नही. पन काही फिकर नही. येती तार जमीनमा गाडी देसूत. शिवारमा बठ्ठा बल्ब असाच पेटतस."

त्यानं खोलीमागं लोखंडी सळई ठोकली. घण मारून मारून घामाघूम झाला. जमीन खडकासारखी वाळलेली. मिठाचं पाणी ओतलं, तेही क्षणात नाहीसं झालं. पेटीवरचा दिवा पेटेना.

"वल पाह्यजे. जमीनमा वलच नही ऱ्हायनी."

तेव्हा खांबामागून, पदराआडून, सुंदरबाईच बोलली होती. कुणी विचारलं नव्हतं तिला. जावयाचं काम अडलं होतं आणि उपाय तिच्या रोजच्या पायाखालचा होता.

"डोणीपाशी ठोक ना. तठे बारमाही वल ऱ्हास."

"व्वा अक्का!" झुलालनं मांडीवर हात मारला.

डोणीच्या कडेला सळई दोन घावांत गेली. तार ओढली. दिवा पेटला, पण लाल. स्वप्नील म्हणाला, पेटीला अर्थिंग लागतं, ते मिळत नसलं की ती अडून बसते. आणि त्यानं पिशवीतून अंगठ्याएवढं काहीतरी काढलं. अडॅप्टर. ऑनलाइन मागवलेलं. "हे मधे लावलं की पेटी अर्थिंगचं विचारतच नाही."

झुलालनं ते हातात फिरवून पाहिलं. "म्हंजे कुत्राना तोंडले फडकं बांधं."

सगळे हसले. स्वप्नीलही हसला. दिवा हिरवा झाला. अभिमननं गाडीच्या पाठीवर थाप मारली, वशिंडावर मारावी तशी.

आता पहाटेच लाईट आली होती, दिवा हिरवा होता, आणि त्याच डोणीपुढं म्हैस अडून उभी होती.

पाणी बिघडलं असेल, सुंदरबाईनं मनाशी म्हटलं. शेवाळ धरलं असेल. तिनं काथ्या घेतला, चपला कडेला काढल्या, ओल्यात उतरली आणि डोणी घासायला हात पाण्यात घातला.

पहिल्यांदा तिला वाटलं, पायाखाली मुंग्यांचं वारूळ आलं. तळव्यांतून मुंग्या निघाल्या, घोट्यावरून पोटऱ्यांत चढल्या, आणि पाण्यातला हात कुणीतरी आतून हिसडला. काथ्या पडला. ती मागं सरकली. एका पावलावर मुंग्या कमी, आणखी एका पावलावर आणखी कमी, कोरड्यात आल्यावर काहीच नाही. ती तशीच उभी राहिली, स्वतःच्या पायांकडे बघत. गेली चाळीस वर्षं या जमिनीवर ती अनवाणी चालली होती. काटा टोचला होता, विंचू डसला होता. पण जमीन अशी कधी वागली नव्हती.

आणि मग तिनं ते पाहिलं. सळईभोवतीच्या चिखलातून गांडुळं वर येत होती. एक नाही, दोन नाही. लाल, ओली, वळवळणारी, एकमेकांवर चढणारी. भर उन्हात खोल जायचं सोडून वर. काही कोरड्या मातीवर येऊन तडफडत होती, आणि साळुंक्या मजेत त्यांना टिपत होत्या.

"ओ, दखा बरं इकडे!" तिनं नवऱ्याला हाक मारली.

अभिमन आला, बांधावरचा शेजारी गिरधरही आला. दोघांनी वाकून पाहिलं. गिरधरचा चेहरा खुलला.

"आबा, गांडूळ वर उना! वैशाखमा! यंदा पानी लवकर शे भो, मी लिखी देस."

"आखाजीना तोंडवर, दख," अभिमननं हात जोडले. "मन्हा बाप सांगे, गांडूळ वर उना का आभाय जोडेच समज."

ती मुंग्यांचं सांगायला गेली. अभिमन म्हणाला, "उन लागनं व्हई तुले. ताक पी." गिरधर बातमी सांगायला गावाकडे सुटला. दुपारपर्यंत चार-सहा जण येऊन गांडुळं बघून गेले, आणि प्रत्येकजण आकाशाकडे बघून हसत गेला. सुंदरबाईला मात्र ती गांडुळं भीतीनं घर सोडून निघालेल्या माणसांसारखी दिसत होती.

उन्हं कलली आणि लाईट गेली. गाडीच्या पेटीवरचा हिरवा दिवा विझला. आणि चांदरी, सबंध दिवस तहानलेली, कुणी न सांगता उठली, सरळ ओल्यात शिरली, डोणीत तोंड घातलं आणि घटाघटा प्यायली.

सुंदरबाईनं विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हशीकडे. मग सळईकडे. तिला त्यातलं यंत्र कळलं नाही, पण कशामागून काय येतं ते कळलं. आणि ती जागा कुणी दाखवली, ते तर ती विसरणं शक्यच नव्हतं.

झुलाल गिरधरच्या मोटारीवर होता. तिथं जाऊन तिनं त्याला गाठलं. मुंग्या सांगितल्या, म्हैस सांगितली. तो पाना फिरवत हसत ऐकत होता. हळूहळू त्याचा हात थांबला.

"चप्पल घाली व्हती का अक्का?"

"नही."

"चप्पल घालत जाय."

"झुलाल, मले लहान पोर समजाडू नको. काय शे ते सांग."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "गाडी जी लाईट खास ना, ती बठ्ठी त्या सळईवरथीन जमीनमा परत जास. बल्बनं काय, चिमूटभर ऱ्हास, जमीन पची टाकस. ही गाडी म्हंजे..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "आनि तठे वल. वलमा ती पसरस. म्हैसना पाय दूर दूर ऱ्हातस, तिले जास्त लागस."

"आनि लहान पोरले?"

झुलालनं पाना खाली ठेवला.

"पेटी काबरं बोंबलत नही मंग? तिनंच काम ते शे म्हने."

"तिनं तोंड आपन बांधं ना." त्याच्या हसण्याचा मागमूस उरला नव्हता. "अक्का, परवा पाव्हना चालना जाई. तेवढा येळ पोरले तठे जाऊ देऊ नको. आबाले मी सांगस, पन आबा ऐकाव नही."

आबानं ऐकलं नाहीच. "आखाजीना दिन जवाईनी गाडी सोडी देऊ? तीन साल मांगे काय व्हयनं ते भुली गयी का? आते जमिनीले लाईट लागस म्हनीसन सांगू त्याले? तो म्हनी, सासरा लाईट बी देत नही." असं म्हणून त्यानं तंबाखू मळली. पण मळता मळता त्याची नजर दोनदा डोणीकडे गेली, ते तिनं पाहिलं.

मग लेक. पुनम पुरणासाठी डाळ निवडत बसली होती. ऐकताना तिचा चेहरा उतरला, पण ती खालीच बघत राहिली.

"माय, तू त्यांना काही बोलू नको. मी पाया पडते."

"तू सांग."

"मी सांगितलं तर माहेरची बाजू घेतली असं होतं. नवी गाडी आहे, त्यांना ती... तुला नाही कळायचं. उद्या संध्याकाळपर्यंत भरू दे. परवा पहाटे आम्ही निघतो. मग काढून टाका ती सळई." आणि थोडं थांबून, अगदी हळू, "मला पुढच्या वर्षी यायचंय गं."

सुंदरबाई उठली. तिनं कुऱ्हाड घेतली, बांधावरची बोरीची काटेरी झुडपं तोडली आणि डोणीभोवती रचली, बकऱ्यांना अडवायला रचतात तशी. रेवाच्या पायांत चपला घातल्या आणि डोळे वटारून सांगितलं, "डोणीकडे जावानं नही. तठे साप निंघेल शे." रेवानं डोळे मोठे केले. "केवढा?" "दिसस नही, असा," आजी म्हणाली.

आखाजी उजाडली. सकाळीच लाईट आली. पंपाच्या खोलीत मोटार गुरगुरली आणि पेटीचा दिवा हिरवा झाला. चांदरी दाव्याला ताण देऊन डोणीकडे पाठ फिरवून उभी राहिली.

घरात मात्र सण होता. ओट्यावर घागर मांडायची तयारी. मेलेल्या आईबापाच्या नावानं अभिमननं नवी मातीची घागर आणली होती, वर खरबूज, आंब्याची पानं. सुंदरबाई चुलीपुढं. चुलीवर पालथं खापर तापलेलं, आणि ती पुरणाची पोळी दोन्ही हातांवर घेऊन कोपरांपर्यंत लांबवत होती. मांडा असा हवेतच वाढवायचा असतो. हातावर घेतला की तो खापरावर पडेपर्यंत बाईला दुसरं काही करता येत नाही.

ओट्यावरून अभिमनचा आवाज आला. "घागरखाले चार ढेकूळ पाह्यजेत. जेठ, आखाड, सावन, भादवा. कोनता ढेकूळ वला व्हस ते दखी लेसूत, म्हंजे कोनता महिनामा पानी ते समजी." मग आवाज मऊ झाला. "रेवाबाई, तू जाय बरं. कुवारी पोरना हातना ढेकूळ चांगला. डोणीपाशीना लई ये. जठे गांडूळ निंघना ना, तठला. या सालना शकुन तठेच शे."

"आजीनं काटे लावलेत."

"ते मी सकायलेच काढी टाकात. पाव्हनाले गांडूळ दखाडानं व्हतं ना."

सुंदरबाईच्या हातावर मांडा होता. दारातून तिला अंगण दिसत होतं. रेवा नुकतीच न्हाली होती. केसांतून पाणी गळत होतं, पाय ओले, अनवाणी. देवाच्या कामाला चपला कशाला, म्हणून दारातच काढलेल्या. नव्या परकराचा घोळ एका हातात धरून ती उड्या मारत डोणीकडे निघाली होती.

"रेवा!" ती ओरडली. झोक्यावर पुनमनं गाणं धरलं होतं, गिरधरची मोटार धबधबत होती. पोरीनं मागं पाहिलं नाही.

तिच्यामागं धावलं तर अंगण ओलांडून जायचं होतं. पंपाची खोली स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. मांडा चुलीच्या जाळात पडला. सुंदरबाईनं मागचं दार ढकललं, खोलीत शिरली आणि भिंतीवरचे किटकॅट, ते चिनीमातीचे फ्यूज, एक, दोन, तीन, ओढून काढले. हात पुरणानं माखलेले होते. शेवटचा निघताना निळी ठिणगी पडली. मोटार गुरगुर करून थांबली.

ती बाहेर आली तेव्हा रेवा डोणीच्या ओल्या कडेला उभी होती. एक पाय ओल्यात, एक कोरड्यात. ना रडत होती, ना हलत होती. तोंड उघडं.

"आजी," ती म्हणाली, "जमीन चावते."

सुंदरबाईनं तिला उचललं. पोरीचे तळवे तिनं पदरानं पुसले, चोळले, पुन्हा पुसले.

"लाईट गेली का?" ओट्यावरून स्वप्नील मोबाईल बघत आला. "चार्जिंग थांबलंय."

"गयी वाटस," अभिमन म्हणाला.

पण बांधापलीकडच्या गिरधरच्या मोटारीचा आवाज स्पष्ट ऐकू येत राहिला. धबधब धबधब पाणी पडत होतं.

"त्यांची तर चालू आहे," स्वप्नील म्हणाला.

अजूनही निभावून नेता आलं असतं. आपलाच फेज उडाला म्हटलं असतं, कुणी बघायला गेलं नसतं. सुंदरबाईनं लेकीकडे पाहिलं. झोक्याची दोरी धरून पुनम नुसती मान हलवत होती, नको, नको. गोठ्यात चांदरी होती, तिला सांगता आलं असतं. खांब होता.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जावयाच्या तोंडाकडे बघून बोलली.

"लाईट नही गयी. मी काढी."

अभिमनच्या हातातलं खरबूज खाली ठेवलं गेलं. लग्नानंतर एवढ्या वर्षांत सासूचे डोळे स्वप्नील पहिल्यांदाच बघत होता.

"त्या सळईनी जागा मीच दाखाडी व्हती. चूक मन्ही शे. तठे लाईट जमीनमा उतरस, म्हैस बी पाय ठेवत नही. पन आते तुमनी गाडी आठे लाईट खावाव नही." आणि विहिरीच्या कठड्याशी जाऊन तिनं मुठीतले तिन्ही किटकॅट आत टाकले. पाण्याचा आवाज यायला वेळ लागला. विहीर खोल गेली होती.

"अरे, बाई भ्रमिष्ट व्हयनी का!" अभिमन ओरडला. "केयनी बाग पानीबिगर जळी जाई ना मन्ही!"

"आई, त्या पेटीत सेफ्टी असते," स्वप्नील शांतपणे म्हणाला. फार शांतपणे. पुनमला तो आवाज ओळखीचा होता. तिनं डोळे मिटले. "काही झालं तर ती आपोआप बंद होते. म्हैस काय म्हणते त्यावर आपण..."

"बाबा, चावली," रेवा म्हणाली. "खालून."

तो थांबला. पोरीजवळ आला, गुडघ्यावर बसला आणि तिचा पाय हातात घेतला. तळव्यावर काहीही नव्हतं. ना डाग, ना ओरखडा. गुलाबी, न्हालेला, सुरकुतलेला तळवा. त्यानं त्यावरून अंगठा फिरवून पाहिला. मग त्याची नजर प्लगमधल्या त्या अंगठ्याएवढ्या वस्तूकडे गेली आणि तिथून परतली. तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, तो राग होता की भीती, ते सुंदरबाईला कळलं नाही.

"पुनम, आवर. चोपड्यापर्यंत पुरेल एवढी आहे गाडीत."

ना भांडण, ना आरडाओरडा. तीन वर्षांपूर्वी होतं तसंच. अभिमन हात जोडत गाडीभोवती फिरला, "जेवन तरी," "मांडा तरी." स्वप्नीलनं केबल गुंडाळली, डिकीत टाकली, सासऱ्याच्या पाया पडला आणि आत जाऊन बसला. सासूच्याही पडायला वाकला होता, पण मधेच सरळ झाला.

सुंदरबाईनं लेकीची ओटी भरली. रिकाम्या हातानं कशी पाठवायची? खण, नारळ, गहू. पुनमनं ओटी सावरली, मग वाकून आईच्या पायांना हात लावला, आणि उठताना आईच्या मुठीत काहीतरी दाबलं. अंगठ्याएवढं. टणक. अजून जरासं गरम.

"ते डिकी लावत होते तेव्हा," ती पुटपुटली. डोळे वर केले नाहीत. "धुळ्यात पण आमच्या पार्किंगमध्ये हेच लावतात. खाली पाण्याचा नळ आहे. रेवा तिथंच खेळते."

"ते दुसरं लेतीन."

"घेतील. तोवर तरी." आणि ती गेली.

गाडी आवाज न करता निघाली. धूळ तेवढी उठली. मागच्या काचेला रेवाचा हात लागलेला होता, तो केळीच्या बागेच्या वळणापर्यंत दिसला.

घागरीखाली मग अभिमननं बांधावरचीच चार कोरडी ढेकळं ठेवली. बायकोशी तो बोलला नाही. झुलाल दुपारी नवे किटकॅट घेऊन आला, मोटार सुरू केली, सळईजवळ टेस्टर लावून पाहिला. काही लागलं नाही.

"आते काय दिसी, अक्का," तो म्हणाला. "खानारी गाडी गयी. जमीन आते जमीनच शे." अभिमन ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, बघ, काही नव्हतंच.

झुलालनं सळई हलवून हलवून उपटली. तिच्या जागी बोटभर भोक राहिलं. सुंदरबाईनं पदराच्या गाठीतून ते अडॅप्टर सोडलं, एकदा पाहिलं, आणि चुलीच्या निखाऱ्यांत लोटलं. त्याचा वास घरात बराच वेळ राहिला. निंबाखालचा झोका वाऱ्यानं आपला आपण हलत होता. तो सोडून ठेवायचा की तसाच राहू द्यायचा, हे तिला ठरवता येईना.

उन्हं कलल्यावर तिनं चांदरीचं दावं सोडलं. "जाय माय. आते काही नही तठे."

म्हैस जागची हलली नाही. लाईट गेलेली होती, सळई निघालेली होती, डोणी काठोकाठ भरलेली होती. चांदरीनं तिकडे मान वळवली, कान पाडले आणि पुन्हा पाठ फिरवली. काल लाईट गेल्यावर तरी ती प्यायली होती. आज तेवढाही भरवसा तिला उरला नव्हता.

सुंदरबाईनं पुन्हा सांगितलं नाही. चपला घातल्या, बादली घेतली, विहिरीवर जाऊन पोहरा सोडला. बादली भरून गोठ्यात आणली आणि म्हशीपुढं ठेवायच्या आधी क्षणभर थांबली. चपला काढल्या. पाय जमिनीवर नीट टेकवले, आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

काही झालं नाही. पाणी गार होतं.

"दख," ती म्हणाली, आणि बादली चांदरीच्या तोंडाखाली सरकवली.